नवरीच्या मागचे दिवे

“दार लावून घ्या रे, एसीची हवा जातीय,” आबासाहेब म्हणाले, आणि कुणीतरी हॉलचं दार लावून आतून कडी घातली.

मी तेव्हा ओळीनं मांडलेल्या कॅमेऱ्यांना हळदकुंकू लावत होते. खंडेनवमीला लोहार ऐरण पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तसे आम्ही तालुक्यातले फोटोग्राफर कॅमेरे पुजतो. संघटनेत बाई मी एकटीच, त्यामुळे पूजेचं ताट दरवर्षी माझ्या हातात. बाकीचे हात मागे बांधून उभे राहतात आणि “ताई, काचेला लावू नका हं” एवढं बजावतात. जसं काही लग्नाचे फोटो मी डोळे मिटून काढते.

एरवी ही पूजा आम्ही कुणाच्या तरी स्टुडिओत उरकायचो. त्या वर्षी आबासाहेबांचा निरोप आला, की पूजा आमच्या बंगल्यावर, जेवण आमच्याकडून, सत्कारही सगळ्यांचा. फक्त सगळी आयुधं घेऊन या, एकही लेन्स घरी ठेवू नका. नाही म्हणायची सोय नव्हती. नदीतल्या वाळूपासून ते सूतगिरणीतल्या नोकरीपर्यंत सगळं आबासाहेबांच्या हातात. त्यांना नाही म्हणणारा एक तलाठी होता. त्याच्या अंगावर वाळूचा ट्रॅक्टर घातला. तेव्हापासून तो कुबड्या घेऊन कचेरीत यायचा आणि आबासाहेब दिसले की आधी नमस्कार करायचा.

ताट घेऊन मी हॉलच्या टोकाला आले. तिथं भिंतीवर मोठा टीव्ही होता. आबासाहेबांच्या पुतण्यानं, सत्यजितनं, त्याला लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर फोटो आला.

तो फोटो मी काढलेला होता.

हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. महिन्यापूर्वी एका हळदीचं काम उरकून मी स्कूटरवरून परतत होते. दिवस मावळला होता. पुलाखाली पोकलेन चालू होतं, ट्रॅक्टर रांगेत उभे होते, आणि पुलाच्या खांबाचा पाया उघडा पडला होता. वाळू उपसून उपसून खांबाच्या मुळाशी गेले होते. माझी सानिका रोज त्याच पुलावरून एसटीनं शाळेला जायची. मी खाली उतरले, झुडपाआड बसले आणि जवळच्या खांबावर फोकस धरून फोटो काढला. खांबाची उघडी पडलेली मुळं स्पष्ट, आणि मागं ट्रॅक्टरांचे दिवे धूसर. नाव छापू नका म्हणून पुण्याच्या पेपरला पाठवला. पहिल्या पानावर आला. चौकशी लागली, पोकलेन जप्त झालं, पूल बंद झाला. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

“मंडळी, पूजेच्या दिवशी थोडं ज्ञानसत्र,” सत्यजित म्हणाला. तो पुण्यात फोटोग्राफी शिकून आला होता. “ह्या फोटोत खांब बघू नका. खांब कुठल्याही लेन्सनं असाच दिसतो. मागचे दिवे बघा. फोकसबाहेर गेलेला दिवा लेन्सच्या आतल्या भोकाचा आकार घेतो. त्या भोकाभोवती पाच पाती असली तर पंचकोन, सात असली तर सप्तकोन. काचेवर ओरखडा असेल, बुरशी असेल, तर तीही प्रत्येक दिव्यात उमटते. लेन्सला जे लपवायचं असतं ते ती धूसर जागी सांगून टाकते.”

मग त्यानं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. ट्रॅक्टरचा एक दिवा पडदाभर झाला. पंचकोनच होता, पण वरच्या डाव्या बाजूला फुगलेला, दाढदुखीनं एकच गाल सुजावा तसा.

“ही लेन्स मला शोधायचीय,” सत्यजित म्हणाला.

तो सुजलेला गाल माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

त्याच्या आदल्या वर्षी तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच पन्नास एमएमची लेन्स घेतली होती. स्वस्त, हलकी, पाच पात्यांची. माझी एका वरातीत पडली आणि आतल्या एका पात्याचा खिळा मोडला. रासनेमामांकडं नेली. दिनकर रासने म्हणजे तालुक्यातले एकुलते एक कॅमेरा दुरुस्त करणारे, आणि गर्व असा की लग्नाला जेवायला आले तरी गळ्यात भिंग. “माझ्या हातनं गेलेली लेन्स माघारी येत नाही,” हे वाक्य ते गिऱ्हाइकाला बिलाआधी ऐकवायचे. माझी लेन्स उघडून ते म्हणाले होते, “पार्ट मिळत नाही. हे पातं आता मिटायचं नाही. फोटोला काही होत नाही, फक्त मागचे दिवे एका बाजूनं फुगतील. आणि नवरीच्या मागचे दिवे कोण बघतंय?”

मी बघायचे. मला लहानपणापासूनच ती खोड आहे. पण त्या दिव्यांवरून कुणी माझं दार ठोठावेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

रासनेमामा हॉलमध्येच होते, दुसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीचा सफारी घालून. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान फिरवली. आणि मला एक गोष्ट आठवली.

नवमीच्या आधी आम्ही सगळे आपापली अवजारं त्यांच्याकडं सर्व्हिसिंगला टाकतो. पुजायची वस्तू साफ पाहिजे ना. माझी बॅग परत न्यायला गेले तेव्हा ते एरवीसारखे बोलले नव्हते. एवढंच म्हणाले, “पन्नासची लेन्स पूजेला आणणार ना? आणा. घरी ठेवू नका.” मला तेव्हा काही वाटलं नाही. आता सगळं कळलं. ह्या माणसानं मला विकलं होतं. पुतण्या आधी यांच्याकडंच गेला असणार, आणि यांनी गालाचा पत्ता सांगितला असणार. गळ्यातलं भिंग आणि तोंडातला गर्व, दोन्हींची मला किळस आली.

“वैजूताई, तुला घाम का आलाय गं? एसी चाललाय की,” शेजारून बंडू गुरव म्हणाला. बंडू माझ्या स्टुडिओसमोरचा. मोठं लग्न असलं की आम्ही दोघं मिळून घ्यायचो.

“निरांजनाची धग लागतीय,” मी म्हटलं.

सत्यजितनं मांडामांड केली. टेबलावर पूजेचाच नारळ ठेवला, पाठीमागं लांब भिंतीला देवीच्या आराशीची दिव्यांची माळ. प्रत्येकानं आपल्या लेन्सचं भोक चार नंबरवर ठेवायचं, नारळावर फोकस धरायचा, फोटो काढायचा आणि कार्ड त्याच्याकडं द्यायचं. सगळं खेळीमेळीत. चहा फिरत होता, बिस्किटं फिरत होती. दारापाशी दोन पोरं खुर्च्या टाकून बसली होती आणि लघवीला जाणाऱ्याबरोबर त्यातला एक जण उठत होता.

“यात भ्यायचं काय कारण नाही,” आबासाहेब म्हणाले. ते सोफ्यात बसून पान लावत होते. “ज्यानं काढला त्याचा मला सत्कारच करायचाय. काय धाडसाचा फोटो! नुसतं नाव कळू दे.”

सगळे हसले. मीही हसले. न हसता राहणं त्या हॉलमध्ये बरं दिसलं नसतं.

आधी महागड्या लेन्सवाले झाले. कुणाचे दिवे गोल आले, कुणाचे सप्तकोनी. एकाच्या दिव्यांत कोळ्याचं जाळं दिसलं. “काका, बुरशी आहे,” सत्यजितनं सांगितलं, तर काका लेन्सऐवजी त्याच्यावरच चिडले. एरवी मला मजा वाटली असती. मी लेन्स पर्समध्ये टाकायचा विचार करत होते. पण तिला मीच थोड्या वेळापूर्वी हळदकुंकू लावून सगळ्यांच्या देखत मांडलं होतं. पाडावी, फोडावी, असंही मनात आलं. नेमकी आजच फुटलेली लेन्स कुणाची, हे आबासाहेबांना सांगायला पुण्याहून शिकून आलेला पुतण्या लागला नसता. सानिका शाळेतून कधी सुटते, कुठल्या वाटेनं येते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला दुसरं काही सुचेना.

“आता पन्नासवाले,” सत्यजित म्हणाला.

“मग ताईंना आधी मोकळं करा,” आबासाहेब म्हणाले. “सणाचा दिवस, घरी त्यांचा स्वयंपाक राहिला असंल.”

इतक्या अदबीनं मला आजवर कुणी खड्ड्यात ढकललेलं नाही. सगळे बाजूला सरकले. मी लेन्स कॅमेऱ्याला लावली. बोटं इतकी ओली होती की दोनदा बसलीच नाही. नारळ दिसला, त्याची शेंडी दिसली, मागं दिव्यांचे ठिपके फुगले. मी बटण दाबलं. कार्ड सत्यजितच्या हातात दिलं आणि ताट उचलून छातीशी धरलं.

पडद्यावर माळ आली. एकेक दिवा पंचकोनी. एकेकाचा वरचा डावा गाल सुजलेला.

सत्यजितनं शेजारी माझा पेपरातला फोटो लावला. जुळ्या बहिणी असाव्यात तसे दोन दिवे शेजारी शेजारी.

“बसा ताई,” आबासाहेब म्हणाले. आवाज तसाच मऊ होता. “उभ्या का? खुर्ची द्या रे ताईंना.”

मी बसले नाही.

“थांबा जरा.” रासनेमामांचा आवाज होता. ते गळ्यातलं भिंग चाचपत पुढं आले आणि टीव्हीला नाक लावून उभे राहिले. “हे तर माझं काम आहे.”

“म्हणजे?” सत्यजितनं विचारलं.

“म्हणजे ही लेन्स मीच बसवलेली आहे. पण एवढी एकच का? बाकीच्यांच्या बघा की. एका लेन्सवरनं निकाल देताय?”

आबासाहेबांनी पुतण्याकडं पाहिलं. पुतण्यानं बंडूला पुढं बोलावलं. बंडूनं नारळाचा फोटो काढला. पडद्यावर दिवे आले.

वरचा डावा गाल सुजलेला.

“ऑं?” बंडू म्हणाला.

पुढचा. त्याचाही सुजलेला. त्याच्या पुढचा, त्याचाही. सत्यजित भराभर कार्डं बदलू लागला. त्याचे कान लाल झाले होते. पन्नासची प्रत्येक लेन्स तोच गाल घेऊन पडद्यावर येत होती, आणि पेपरातला फोटो त्या सगळ्यांत शोभून दिसत होता, एकाच घरातल्या भावंडांसारखा.

“हे कसं काय?” आबासाहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता.

रासनेमामांनी घसा साफ केला. “ही लेन्स आली तेव्हा तिची पाती करकरायची. मी एक वंगण काढलं होतं माझ्या डोक्यानं. मागच्या नवमीला सगळ्यांच्यात तेच भरलं. ते सुकून त्याचा डिंक झाला, आणि वरचं पातं सगळीकडं चिकटून बसलं. यंदाच्या साफसफाईतही ते सुटलं नाही. चुकलं माझं.”

“मागच्या नवमीपास्नं?”

“वर्ष झालं.”

“आणि वर्षभर कुणाला दिसलं नाही?”

“नवरीच्या मागचे दिवे कोण बघतंय, आबासाहेब?”

आबासाहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. एकेक जण आठवायचा प्रयत्न करत होता, आणि कुणालाच काही आठवत नव्हतं. मला मात्र आठवत होतं. बंडूनं आणि मी गेल्याच महिन्यात एक रिसेप्शन केलं होतं आणि त्याचे फोटो मीच निवडले होते. त्याच्या फोटोंतले दिवे स्वच्छ पंचकोनी होते, कातरीनं कापल्यासारखे. रासनेमामा भर हॉलमध्ये खोटं बोलत होते. लेन्सा वर्षापूर्वी बिघडल्या नव्हत्या. याच सर्व्हिसिंगमध्ये बिघडवल्या होत्या, मुद्दाम, एकेक करून, माझ्या लेन्सची नक्कल करून.

आणि मग हॉल फुटला. बंडूनं रासनेमामांच्या सफारीची कॉलर धरली. “आमच्या पोटावर पाय दिलास की रे!” कुणी म्हणालं, याला वाळीत टाका. कुणी म्हणालं, आता सांगलीलाच जायचं, परत याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. ज्यांना काल हा माणूस देवासमान होता तेच त्याला अरेतुरे करत होते. सफारीचं बटण तुटून टेबलाखाली गेलं, तरी मामांनी हात वर केला नाही. गर्विष्ठ माणसाला एवढं ऐकून घेताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आबासाहेब या गोंधळात नव्हते. ते पान चघळत माझ्याकडं बघत होते. एवढी माणसं ओरडतायत, आणि पहिली लेन्स जिची निघाली ती बाई ताट धरून गप्प का, असं ते बघणं होतं.

मामांनी ते पाहिलं. बंडूच्या खांद्यावरून ते माझ्यावर खेकसले, “आणि वैजयंतीबाई, तुमचं तोंड शिवलंय काय? तुमची न्हाई बिघडवली मी लेन्स?”

मी काहीतरी बोलले. “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती मामा,” असलं काहीतरी. ओठांतल्या ओठांत. आबासाहेबांनी पानाची पिंक टाकली आणि जेवणाची पानं मांडायला सांगितली. बासुंदी होती. मी दोन वाट्या प्यायले, कारण एक वाटी पिऊन उठले असते तर कुणीतरी विचारलं असतं.

चौकशी पुढं चालू राहिली आणि पूल दुरुस्त झाला. तो फोटो कुणी काढला हे आबासाहेबांना अखेरपर्यंत कळलं नाही, कारण संशय घ्यायचा तर सगळ्यांवरच घ्यावा लागला असता. रासनेमामांचं दुकान दिवाळीच्या आत बंद पडलं. ते मुलीकडं नाशिकला गेले आणि तिकडंच वारले. संघटनेनं साधा शोकाचा बोर्डही लावला नाही. मी लावा म्हणाले असते, तर का म्हणून विचारलं असतं.

पण नवमीच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी त्यांच्याकडं गेले होते. हातात आपट्याची पानं घेऊन. दरवर्षी त्यांच्या दुकानापुढं सोनं द्यायला रांग असायची. त्या दिवशी कुणी नव्हतं. पेठ मात्र माणसांनी भरलेली होती, आणि समोरच्या पानपट्टीवर आबासाहेबांची तीच दोन पोरं उभी होती.

मामा काउंटरमागं बसून कुणाची तरी लेन्स उघडत होते. मी पायरी चढले तसे म्हणाले, “वर येऊ नका.”

“मामा, सोनं...”

“देऊ नका. त्या पोरांकडं बघू नका. तिथंच उभ्या राहा.”

मी पायरीवरच थांबले. हळू आवाजात विचारलं, “सगळ्यांच्या बिघडवल्या?”

“पन्नासच्या तेवढ्या. पुतण्या आधी माझ्याकडं आला होता तो फोटो घेऊन. मी म्हटलं, नवमीला सगळ्या लेन्सा येतील, तेव्हा बघू. मग काय, बसलो.”

“बंडूची चांगली होती मामा.”

“होती. मीच तर केली होती.” ते हातातल्या लेन्सकडं बघत होते, पण स्क्रूड्रायव्हर फिरत नव्हता.

“माझीच नीट करून द्यायची होती. एकट्या माझ्यासाठी एवढं...”

“पार्ट असता तर केली नसती काय? नसताना काय करणार? घरी ठेवली असती तर ती एकटीच गैरहजर दिसली असती.” मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “बंगल्यावर काल तुम्ही फार हळू बोललात. आबासाहेबांच्या ते ध्यानात आलंय. म्हणून तर ती दोघं तिथं उभी आहेत.”

“मला जमत नव्हतं.”

“आज जमवा. मुलगी आहे ना तुम्हाला? मग जमवा.”

“मामा, मी तुम्हाला कसं...”

“ज्याला त्याला सांगत फिरलो मी, माझ्या हातची लेन्स माघारी येत नाही. त्यावर बोला. ते मला लागंल, आणि लागलेलं लोकांना दिसंल. बोला आता.”

मी पेठेकडं पाठ करून उभी होते. मग वळले, म्हणजे सगळ्यांना तोंड दिसेल. आणि बोलले. मी त्यांना ढोंगी म्हटलं, म्हातारा भामटा म्हटलं, एवढा गर्व कशाच्या जोरावर केलात म्हणून विचारलं, माझ्या पोटावर पाय दिलात म्हटलं. आवाज चढत गेला. भाजी घेणाऱ्या बायका थांबल्या. बंडू स्टुडिओतून धावत आला आणि “सोड ताई, सोड” म्हणत मला ओढू लागला. पानपट्टीवरची पोरं हसत एकमेकांना टाळी देऊन निघून गेली. मामा काउंटरमागं मान खाली घालून बसले होते. ते मान हलवत होते, अगदी बारीक, आणखी, आणखी, असं म्हटल्यासारखी.

मी आणखी बोलले. माझा चेहरा ओला झाला होता आणि तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते. बंडू नंतर कित्येक वर्षं सांगायचा, की वैजूताई एवढी चिडलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही.